थायरॉइड आणि टीएसएच : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संप्रेरकांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांत थायरॉइडचे प्रश्न सर्वाधिक असतात आणि त्यांतले बहुतेक एकाच ठिकाणी अडलेले असतात. हातात लॅबचा रिपोर्ट असतो, त्यावर टीएसएच नावाचा एक आकडा ठळक छापलेला असतो, पण तो आकडा कोणाचे म्हणणे सांगतो आहे हे कोणी समजावलेले नसते. पुढची उत्तरे त्या आकड्याचा धागा धरून लिहिली आहेत. गोळीचा डोस ठरवणे आणि बदलणे हे मात्र तपासणाऱ्या डॉक्टरांचेच काम आहे.

१. “थायरॉइड निघाला” म्हणजे मला नेमके काय झाले आहे?

थायरॉइड हे आजाराचे नाव नाही. ती प्रत्येकाच्या गळ्यात असलेली ग्रंथी आहे. पाठ्यपुस्तकांत तिला अवटू ग्रंथी म्हणतात. कंठमण्याच्या खाली श्वासनलिकेला पुढून बिलगलेली, दोन पंख पसरलेल्या फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी प्रौढ माणसात साधारण २० ग्रॅम वजनाची असते. आरशासमोर मान किंचित मागे करून पाण्याचा घोट घेतला, तर गिळताना ती श्वासनलिकेबरोबर वर सरकते. निरोगी ग्रंथी सहसा दिसत नाही, पण ती वाढलेली असेल तर एक उंचवटा वर जाऊन खाली येताना स्पष्ट दिसतो. गळा तपासताना डॉक्टर पाणी गिळायला लावतात ते याचसाठी.

“थायरॉइड निघाला” याचा अर्थ बहुतेक वेळा या ग्रंथीचे संप्रेरक कमी पडते आहे असा असतो, पण काही वेळा ते जास्त होते आहे असाही असतो. दोन्हींचे उपचार परस्परविरुद्ध आहेत. म्हणून डॉक्टरांना विचारायचा पहिला प्रश्न “कमी की जास्त?” हा असावा.

२. संप्रेरक रक्तातून सगळ्या शरीरात फिरते, मग ते ठरावीक जागीच कसे काम करते?

संप्रेरक सगळीकडे पोहोचते, पण ज्या पेशींजवळ त्याला ओळखणारा ग्राही असतो त्याच पेशी त्याला प्रतिसाद देतात. शरीरात निरोप पोहोचवणारी अशी रासायनिक व्यवस्था आहे हे १९०२ मध्ये लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग यांनी दाखवले. त्यांनी कुत्र्याच्या लहान आतड्याच्या एका भागाच्या सर्व नसा तोडल्या, तरीही त्या भागात आम्ल सोडताच स्वादुपिंडातून पाचकरस वाहू लागला. निरोप नसेतून गेला नव्हता, म्हणजे तो रक्तातून गेला होता. अशा द्रव्यांना स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये “हार्मोन” हे नाव वापरले.

या निरोपांचा वेग सारखा नसतो, हे पुढच्या सगळ्या उत्तरांसाठी लक्षात ठेवावे. ॲड्रिनलिन काही सेकंदांत छातीची धडधड वाढवते आणि इन्सुलिन काही मिनिटांत साखर पेशींत शिरू देते. थायरॉइडचे संप्रेरक मात्र पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकांचे काम कमी-जास्त करते, त्यामुळे त्याचा परिणाम दिसायला दिवस आणि आठवडे लागतात. शिवाय त्याचे ग्राही जवळजवळ प्रत्येक पेशीत आहेत.

३. माझा टीएसएच वाढला आहे आणि डॉक्टर म्हणतात थायरॉइड कमी आहे. हे उलटे कसे?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो. टीएसएच हे थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक नाहीच. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक आहे आणि थायरॉइडकडे “माल पाठव” असा तगादा लावणे हे त्याचे काम आहे. पीयूषिकेच्या वर हायपोथॅलॅमस हा मेंदूचा भाग असतो. तो टीआरएच नावाचे द्रव्य सोडून पीयूषिकेला जागे करतो, पीयूषिका टीएसएच सोडते, आणि टीएसएचमुळे थायरॉइड ग्रंथी टी-फोर (म्हणजेच थायरॉक्सिन) आणि थोडे टी-थ्री ही आपली संप्रेरके तयार करून रक्तात सोडते. हा माल रक्तात पुरेसा झाला की त्याची जाणीव हायपोथॅलॅमस आणि पीयूषिकेला होते आणि तगादा आपोआप ओसरतो. ग्रंथी दमली, माल कमी पडू लागला, की तगादा वाढतो. रिपोर्टवरचा वाढलेला टीएसएच म्हणजे हा वाढलेला तगादा होय.

हा तगादा विलक्षण संवेदनशील असतो. रक्तातले टी-फोर निम्म्यावर आले तर टीएसएच शंभरपटीपर्यंत चढू शकतो. त्यामुळे टी-फोर अजून लॅबच्या मर्यादेत असतानाही टीएसएच मर्यादा ओलांडून जातो, आणि पहिली तपासणी म्हणून टीएसएचच का करतात याचे कारणही हेच. प्रौढांत त्याची मर्यादा साधारण ०.४ ते ४ अशी धरली जाते. लॅबगणिक तीत थोडा फरक असतो.

हे सगळे तेव्हाच खरे ठरते, जेव्हा तगादा लावणारी पीयूषिका स्वतः धडधाकट असते. ती नसेल तर काय होते, ते प्रश्न १५ मध्ये पाहावे.

४. एकाच ग्रंथीमुळे थकवा, केस गळणे, बद्धकोष्ठता, पाळीची गडबड आणि वाढलेले कोलेस्टेरॉल, हे सगळे कसे होऊ शकते?

ग्राही जवळजवळ प्रत्येक पेशीत असल्यामुळे (प्रश्न २ पाहावा) तुटवडाही सर्वत्र जाणवतो. पेशी कमी ऊर्जा खर्च करतात म्हणून थंडी सोसवत नाही, आतड्यांची हालचाल मंदावते म्हणून पोट साफ होत नाही, आणि नाडीही संथ पडते. यकृताच्या पेशींवर वाईट कोलेस्टेरॉल रक्तातून उचलणारे ग्राही कमी होतात आणि ते रक्तातच साठत राहते. म्हणून कोलेस्टेरॉल पहिल्यांदा वाढलेले आढळले की त्याची गोळी सुरू करण्याआधी टीएसएच पाहणे शहाणपणाचे असते.

पाळीचे कारण अधिक बोलके आहे. थायरॉइडसाठी वाढलेले टीआरएच पीयूषिकेतून टीएसएचबरोबर प्रोलॅक्टिनही सोडवते. प्रोलॅक्टिन हे अंगावरच्या दुधाचे संप्रेरक आहे आणि ते वाढले की स्त्रीबीज वेळेवर तयार होण्याची साखळी विस्कळीत होते. त्यामुळे थायरॉइड खूप कमी असलेल्या काही स्त्रियांची पाळी लांबते, आणि क्वचित बाळंतपण नसतानाही दूध येते. अशा वेळी पाळीसाठी निराळे औषध चालू करण्यापूर्वी मूळ तुटवडा भरून काढावा लागतो.

५. आम्ही आयोडीनयुक्त मीठ खातो, तरी थायरॉइड कमी का झाला?

टी-फोरच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात, म्हणून आयोडीन मिळाले नाही तर ग्रंथीजवळ कच्चा मालच नसतो. तगादा सोसत ती फुगत जाते आणि गळ्यावर गलगंड दिसू लागतो. हिमालयाच्या पायथ्याशी हे घरोघर दिसत असे. हिमाचलच्या कांग्रा खोऱ्यात व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून केलेल्या कामात आयोडीनयुक्त मिठामुळे गलगंड कमी होतो हे दिसून आले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला.

आज शहरांत दिसणाऱ्या तुटवड्याचे मुख्य कारण मात्र वेगळे आहे. शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती थायरॉइडलाच परके समजून तिच्या पेशी नष्ट करते. १९१२ मध्ये हाकारु हाशिमोतो या जपानी शल्यवैद्याने वर्णन केलेला हा आजार स्त्रियांत अधिक असतो आणि एकाच कुटुंबात अनेकींना होऊ शकतो. येथे कच्चा माल भरपूर असतो, कारखानाच मोडत असतो. म्हणून मीठ वाढवल्याने किंवा आयोडीनच्या गोळ्या घेतल्याने तो बरा होत नाही. अति आयोडीनने तो बळावू शकतो.

६. मग सैंधव मीठ चालेल का? आणि कोबी, फ्लॉवर, बाजरी बंद करावी का?

सैंधव आणि साधे खडे मीठ यांत नैसर्गिक आयोडीन नगण्य असते. प्रौढांना दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आणि गरोदर स्त्रियांना सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. उपवासाच्या दिवशी सैंधव खाल्ल्याने काही बिघडत नाही, पण रोजच्या स्वयंपाकातून आयोडीनयुक्त मीठ काढून टाकणे, विशेषतः घरात लहान मुले किंवा गरोदर स्त्री असताना, हा चुकीचा बदल आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मिठाचा डबा झाकणाचा असावा आणि तो दमट जागी ठेवू नये.

कोबी व फ्लॉवर शिजवून, नेहमीच्या प्रमाणात खाण्यास हरकत नाही. बाजरीचा मुद्दा निराधार नाही. सुदानच्या दार्फुर भागात, जेथे बाजरी हेच मुख्य अन्न होते आणि आयोडीनही कमी होते, तेथे बाजरीतील काही द्रव्यांचा गलगंडाशी संबंध आढळला. पण आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या घरात हिवाळ्यात बाजरीची भाकरी होते, त्या परिस्थितीशी याची तुलना करता येत नाही.

७. गोळी उपाशीपोटीच का घ्यायची? चहाबरोबर घेतली तर काय होते?

गोळीतले थायरॉक्सिन मायक्रोग्रॅममध्ये मोजले जाते. “पन्नासची गोळी” म्हणजे एका ग्रॅमचा वीस हजारावा भाग. इतक्या थोड्या औषधातले थोडे जरी आतड्यात अडकले तरी फरक पडतो. पोटात अन्न असेल तर ते कमी शोषले जाते, आणि चहा, विशेषतः कॉफी, सोयाबीन, लोह व कॅल्शियमच्या गोळ्या आणि आम्लपित्तावरची काही औषधे शोषणात अडथळा आणतात. म्हणून गोळी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता अर्धा ते एक तास थांबून करावा. लोह आणि कॅल्शियम यांत चार तासांचे अंतर ठेवावे.

घरोघरी दिसणारी गोष्ट अशी की गोळ्यांची बाटली स्वयंपाकघरात गॅसच्या शेगडीजवळच्या फळीवर असते, म्हणजे उठल्याबरोबर आठवण राहते. पण तेथे उष्णता आणि वाफ दोन्ही असतात व त्यांनी औषधाचा कस कमी होतो. उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ ती अधिक सुरक्षित राहते आणि चहाचे आधणही आड येत नाही. पहाटे उठणे जमत नसेल, तर रात्रीच्या जेवणानंतर तीन-चार तासांनी झोपताना घेण्याचा पर्याय डॉक्टरांना विचारून निवडता येतो.

८. एक दिवस गोळी राहिली तर? आणि डोस बदलल्यावर तपासणी लगेच का करत नाहीत?

टी-फोरचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे सात दिवस लागतात, त्यामुळे एका दिवसाच्या चुकीने साठा रिकामा होत नाही. त्याच दिवशी आठवले तर गोळी घ्यावी.

उशिरा तपासणीचे कारणही हेच. नवा डोस रक्तात स्थिरावायला पाच आठवड्यांच्या आसपास लागतात आणि पीयूषिका आपला तगादा त्यानंतरच नीट जुळवते. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पाहतात. दोन आठवड्यांनी केलेली तपासणी जुन्या आणि नव्या डोसाचे मिश्रण दाखवते आणि डोस विनाकारण वाढवला जातो. तपासणीच्या सकाळी आधी रक्त द्यावे आणि मग गोळी घ्यावी, कारण गोळीनंतर काही तास टी-फोर थोडे वर गेलेले असते. टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो, म्हणून दर वेळी साधारण एकाच वेळेला रक्त दिलेले बरे.

९. गोळी जन्मभर घ्यावी लागेल का? तिची सवय लागते का?

ग्रंथी कायमची निकामी झाली असेल तर होय. पण याला सवय लागणे म्हणत नाहीत. हे शरीराचे स्वतःचेच संप्रेरक आहे आणि कमी पडलेला भाग बाहेरून दिला जातो एवढेच. १८९१ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका ४६ वर्षांच्या स्त्रीला दिला. ती पुढे २८ वर्षे जगली आणि तेवढ्या काळात तिला ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथींचा अर्क लागला. आज तेच काम साबुदाण्याच्या दाण्याहून फारशा मोठ्या नसलेल्या गोळीत होते.

काही जणांची गोळी मात्र बंद होऊ शकते. बाळंतपणानंतर वर्षभरात होणारी थायरॉइडची सूज, विषाणूजन्य सूज किंवा लिथियम, अमियोडॅरोनसारख्या औषधांमुळे आलेला तुटवडा कालांतराने भरून येऊ शकतो. प्रश्न ११ मधील मंडळीही यात येतात. बंद करून पाहण्याचा निर्णय मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये.

१०. माझे वजन थायरॉइडमुळेच वाढले आहे ना?

काही प्रमाणात. तुटवड्यामुळे वाढणारे वजन बहुधा काही किलोच असते आणि त्यातला बराच भाग साठलेल्या पाण्याचा व मिठाचा असतो. टीएसएच मर्यादेत आल्यावरही वजन उतरत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधावे. वजन कमी करण्यासाठी डोस वाढवून घेणे घातक आहे, कारण जादा थायरॉक्सिनने हृदयाचे ठोके अनियमित होतात आणि हाडे ठिसूळ होतात.

११. टीएसएच ६ आहे, टी-फोर नॉर्मल आहे आणि मला त्रास काहीच नाही. गोळी घ्यावी का?

तगादा थोडा वाढला आहे, पण माल अजून पुरेसा येतो आहे, अशी ही स्थिती. पहिली गोष्ट म्हणजे दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करावी, कारण अनेकांचा टीएसएच आपोआप मर्यादेत येतो. तापातून किंवा मोठ्या आजारातून उठताना तो तात्पुरता वाढतो. १० च्या वर टिकून राहिला तर साधारणपणे उपचार करतात. त्याखाली असेल, तर थायरॉइडविरोधी प्रतिपिंडे आहेत का, गर्भधारणेचा विचार आहे का, लक्षणे किती आहेत आणि वय काय, यांवर निर्णय ठरतो.

वयाचा मुद्दा आपल्याकडे फार दुर्लक्षिला जातो. उतारवयात टीएसएच थोडा जास्त असणे बऱ्याचदा स्वाभाविक असते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६५ वर्षे व त्यावरील ७३७ जणांच्या युरोपीय अभ्यासात अशा सौम्य वाढीसाठी गोळी दिल्याने थकवा किंवा इतर लक्षणांत फरक पडला नाही. पंचाहत्तरीच्या आजीच्या रिपोर्टवर ६ हा आकडा ठळक छापला गेला, म्हणून तिच्या गोळ्यांच्या डब्यात आणखी एकीची भर पडायलाच हवी असे नाही.

१२. गरोदरपणात डोस का बदलतो? गोळीने बाळाला अपाय होईल का?

अपाय गोळीने नव्हे, तर ती बंद केल्याने होतो. बाळाची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर काम सुरू करते आणि अठरा-वीस आठवड्यांपर्यंत पुरेशी सक्षम होत नाही. तोवर त्याच्या मेंदूच्या वाढीला आईचेच संप्रेरक लागते. आधीपासून गोळी घेणाऱ्या बऱ्याच स्त्रियांचा डोस २५ ते ३० टक्क्यांनी वाढवावा लागतो, म्हणून चाचणीत गरोदरपण कळताच, पहिल्या सोनोग्राफीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. मध्यापर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी होते.

येथे एक अपवाद आहे. गरोदरपणातले एचसीजी हे संप्रेरक रचनेने टीएसएचसारखे असल्याने तेही थायरॉइडला चेतवते, आणि निरोगी स्त्रीचाही टीएसएच पहिल्या तिमाहीत खाली येतो. विशेषतः उलट्या खूप होत असताना कमी दिसलेला टीएसएच म्हणजे थायरॉइड वाढल्याचा आजारच असे समजू नये.

१३. बाळाच्या टाचेतून रक्त घेतात ते कशासाठी? पहिल्याच दिवशी का घेत नाहीत?

जन्मतःच थायरॉइड नसलेले किंवा निकामी असलेले बाळ पहिले काही आठवडे अगदी साधे दिसते, कारण आईकडून मिळालेला साठा अजून असतो. लक्षणे दिसेपर्यंत थांबले तर मेंदूची हानी भरून येत नाही. उपचार पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाले तर मूल सामान्यपणे वाढते. संप्रेरकशास्त्रात इतक्या स्वस्त गोळीने इतके मोठे नुकसान टळण्याची उदाहरणे फार थोडी आहेत, आणि म्हणूनच ही तपासणी प्रत्येक बाळाची व्हावी असे आम्ही आग्रहाने सांगतो.

जन्मल्यावर बाहेरच्या गारव्याने बाळाचा टीएसएच तासाभरात खूप उसळतो आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत उतरतो. म्हणून ४८ ते ७२ तासांनी रक्त घेणे योग्य ठरते. लवकर घरी सोडल्यामुळे आधीच रक्त घेतले असेल आणि आकडा जास्त आला, तर घाबरून न जाता पण विलंबही न करता तपासणी पुन्हा करावी.

१४. टीएसएच एकदम कमी आणि टी-फोर जास्त आले आहे, पण मी केसांसाठी बायोटिन घेते. रिपोर्ट चुकला का?

शक्यता आहे. अनेक लॅबच्या यंत्रांत बायोटिनचाच उपयोग करून मापन होते. केस-नखांच्या गोळ्यांत ते ५ ते १० मिलिग्रॅम, म्हणजे रोजच्या गरजेच्या शेकडोपट असते. त्यामुळे टीएसएच खोटा कमी आणि टी-फोर खोटे जास्त दिसू शकते. किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवून पुन्हा रक्त द्यावे.

रिपोर्ट खरा निघाला, वजन उतरत असेल, हात कापत असतील, धडधड होत असेल, तर थायरॉइड खरोखर वाढलेला आहे. त्यावर कार्बिमॅझोल हे थायरॉइडचे संप्रेरक कमी करणारे औषध सुरू असताना ताप येऊन घसा दुखू लागला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करावी. हे औषध क्वचित, पण धोकादायकरीत्या, त्या पेशी कमी करते.

१५. टीएसएच नॉर्मल आहे, तरीही थायरॉइड कमी असू शकतो का?

असू शकतो, आणि नेमके हेच प्रकरण सर्वाधिक वेळा हुकते. थायरॉइड धडधाकट आहे, पण तगादा लावणारी पीयूषिकाच निकामी झाली आहे, अशा वेळी माल कमी पडूनही टीएसएच वाढत नाही. तो कमी किंवा “नॉर्मल” दिसतो आणि फक्त फ्री टी-फोर (रक्तात मोकळे फिरणारे टी-फोर) खाली असते. केवळ टीएसएच तपासला तर रिपोर्ट निर्दोष वाटतो.

आपल्याकडे याची दोन कारणे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत. पहिले, बाळंतपणातला अतिरक्तस्राव. गरोदरपणात पीयूषिका वाढलेली असते आणि रक्तपुरवठा अचानक घटला तर ती मरते. त्यानंतर अंगावर दूध येत नाही, पाळी परत येत नाही, काखेतले केस गळतात आणि थकवा वर्षानुवर्षे “बाळंतपणाचा अशक्तपणा” म्हणून अंगावर काढला जातो. दुसरे, घोणस चावणे. तिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रिया बिघडून पीयूषिकेत रक्तस्राव होऊ शकतो, आणि जीव वाचलेल्या माणसात तुटवडा काही महिन्यांनी किंवा वर्षांनी उघड होतो. शेतात घोणस चावून बरा झालेला माणूस पुढे सतत थकलेला, रक्तदाब कमी असलेला आढळला, तर डॉक्टरांना तो सर्पदंश आवर्जून सांगावा.

अशा रुग्णात बहुधा अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीला चेतवणारे संप्रेरकही कमी असते आणि त्या ग्रंथीचे कॉर्टिसॉल हे संप्रेरक अपुरे पडते. थायरॉक्सिन सुरू केल्यावर शरीर उरलेसुरले कॉर्टिसॉलही वेगाने संपवते आणि रुग्ण कोसळू शकतो. त्यामुळे आधी कॉर्टिसॉल तपासून, गरज असल्यास ते भरून काढून मगच थायरॉक्सिन सुरू करतात. पुढे डोस ठरवतानाही टीएसएचचा काही उपयोग होत नाही. तेथे फ्री टी-फोरच पाहावे लागते.